परत गेलेलं पहिलं गिऱ्हाईक

कॉलेज रोडवरचं आमचं सहकारी दुकान उभं राहिलं ते माझ्या तोंडामुळे. हे मी आजही कुणालाही ऐकवते, आणि दुकानातल्या लोकांना तर मुद्दाम.

मी गोधड्या शिवते. देवळाली कॅम्पच्या बाजारात गोणपाट अंथरून सुरुवात केली. फौजींच्या बायकांना गोधडी विकणं सोपं नाही. कधी बदली येईल याचा नेम नसतो, त्या सामान वाढवत नाहीत. तरी विकल्या आणि त्यावर घर बांधलं. हे कानावर गेलं म्हणूनच अहमदाबादला शिकून आलेली एक डिझायनर पोरगी माझ्याकडे आली. कारागीर आणि डिझायनर मिळून दुकान काढू, सगळे सारखे मालक, असं तिचं म्हणणं. जागा पाहिली होती, पण भाडं ऐकून सगळ्यांची बोलती बंद झाली होती.

मी जागामालकाकडे गेले. बोलणं फिसकटलं की उठून दारापर्यंत जायचे, तो हाक मारायचा. शेवटी वैतागून म्हणाला, "बाई, तुम्ही मलाच इथून उठवाल." भाडं उतरलं. पोरीने मला मिठी मारली. गल्ल्यावर मावशीच बसणार, हे सगळ्यांसमोर तिनेच जाहीर केलं.

उद्घाटनाला फीत कापली, फोटो झाले. लोक बघत होते, घेत कुणीच नव्हतं. तेवढ्यात कॅम्पातली माझी जुनी गिऱ्हाईक, एका सुभेदाराची बायको, आली. तिने माझीच गोधडी उचलली, उलटी करून टाके पाहिले आणि काही कमी करा म्हणाली. कमी करा म्हणते म्हणजे ती घेणार, हे मला पक्कं ठाऊक. मी तोंड उघडणार तोच डिझायनर पुढे झाली.

"मॅडम, आपल्याकडे फिक्स्ड प्राइस आहे," ती हसून म्हणाली आणि भिंतीवरची पाटी दाखवली. ती पाटी मीही तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. बाईने गोधडीची नीट घडी घातली, जागेवर ठेवली आणि निघून गेली.

नव्या दुकानाचं पहिलं गिऱ्हाईक, भवानी व्हायच्या आत, रिकाम्या हाताने. पहिल्या विक्रीला दुकानदार नफा सोडतो, गिऱ्हाईक सोडत नाही. पाहुण्यांच्या देखत मला जे बोलायचं ते मी बोलले आणि पाटी उतरवून पोरीच्या हातात दिली.

पुढच्या आठवड्यात मीटिंग. दुकानाला शिस्त हवी, मावशींचा आवाज फार, वगैरे. मला गल्ल्यावरून उठवायचं का, यावर हात वर करायला लावले. डिझायनर मंडळींचे जाणार हे दिसतच होतं. माझ्या शेजारी बसलेल्या भद्रकालीतल्या तांबटाचाही गेला. त्याच्या भांड्यांना दर्शनी फळी मिळावी म्हणून मी सगळ्यांशी भांडले होते.

"तुमचा माल राहील की, ताई," तो खाली बघत म्हणाला. "माल कोण काढतंय?"

माल राहिला. मी मात्र पुन्हा त्या दुकानाची पायरी चढले नाही.

अकरा महिन्यांचा करार संपत आला आणि मालकाने भाडं वाढवलं. तेव्हा डिझायनर आणि तांबट पेढे घेऊन माझ्या घरी आले. मालक फक्त तुमचंच ऐकतो, एकदा बोला, असं दोघांचं चाललं होतं. मी म्हणाले, गल्ला माझा आणि पाटी खाली, मग आत्ता निघते.

पाटी राहू दे, पण आठवड्यातून दोन दिवस तुम्ही बसा, पोरगी म्हणाली. मग तीन दिवस म्हणाली, मग शनिवार-रविवारही देऊ केले. भाव करायला शिकली होती, पण ते माझ्याच दारात.

"फिक्स्ड प्राइस आहे," मी म्हणाले.

पेढ्यांचा पुडा उचलावा की ठेवावा, तांबटाला कळेना. मी तो त्याच्या हातात दिला आणि दार उघडलं.

आता मालक म्हणेल ते भाडं ते भरतात. माझ्या गोधड्या मी मागवून घेतल्या आणि परत कॅम्पात नेल्या. सुभेदाराची बायको अजून येते, अजून कमी करा म्हणते. मी तणतणते आणि कमी करते.