शिंप्याचा विनंती अर्ज

गुलमंडी बाजारातील एक वृद्ध शिंपी गळ्यात टेप घेऊनच कचेरीबाहेर मी लोकांचे अर्ज लिहितो त्या टेबलाशी आला. मांडीतील न दुखणारी गाठ तो दर शुक्रवारी मोजत असे. माप वाढले, दवाखान्यात गाठीचा तुकडा तपासला गेला आणि मऊ ऊतींचा दुर्मीळ कर्करोग निघाला.

"मुन्शीजी, सर्जनसाबला अर्ज लिहा. पाय वाचवा म्हणावं, मशीन पायानंच चालते."

असा अर्ज मी प्रथमच लिहिला, परंतु रीतसर लिहिला.

दोन महिन्यांनी तो दोन्ही पायांवर आला.

"गाठीभोवतीचं चांगलं मांस बी कापलं. बराबर हाय, कापडाचा डाग काढताना दोन बोटं जास्तच कापावं लागतं. टाके मात्र लई लांब घातले!"

त्या अर्जाची स्थळप्रत मी जपून ठेवली आहे.