नाका उठला, मावसाजी बसले

सरकारने पुसलेली सरहद्द जिवंत ठेवायला एक माणूस पुरतो, हे मी माझ्या मावसाजींकडून शिकले. मावसाजी म्हणजे मावशीचे यजमान. त्यांच्याच इचोड्याच्या घरी मी लहानाची मोठी झाले. निजामाच्या अमदानीत ते पैनगंगेकाठी करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर कारकून होते. अलीकडे एक देश, पलीकडचे वऱ्हाड दुसरा. संस्थान विलीन झाले, यथावकाश नाकाही उठला. मावसाजी मात्र घराच्या ओट्यावर वही घेऊन बसूनच राहिले. रस्त्याने गाड्या कुरकुरत निघाल्या, की ते डोळे मिटून घेत. मिरचीचा ठसका, हळदीचा कोरडा दरवळ, नव्या ज्वारीचा गोडसर वास. गाडी न थांबवता, नुसत्या नाकाने गेल्या-आल्या मालाची नोंद होई. रात्री जेवताना ते दोन्ही देशांची तुलना वाचून दाखवत, आणि रोज वऱ्हाड जिंके. आपलाच कापूस धोतर होऊन परत येतो, हे त्यांच्या इतके जिव्हारी लागे, की वऱ्हाडी साबणाची पेटी बाजारात उतरली त्या दिवशी ते हट्टाने रिठ्याने न्हाले.

तो उतरलेला चेहरा अखेर मावशीला पाहवेना. "नुसता मालच मोजता तुमी," ती म्हणाली. "तिकडं बाळंतपणाले कोन जाते? लग्नाच्या सैपाकाले कोन जाते? ते काऊन नाही मोजत?"

दुसऱ्या दिवशी मावसाजींनी वहीत 'सेवा' नावाचे पान उघडले. आपली सुईण, आपले सनईवाले, हाड बसवणारा म्हातारा, सारे नदीपार जात. तिकडून येई तो एक ज्योतिषी, आणि भविष्य खोटे निघाले तर त्याची सेवा धरू नये, असा मावसाजींचा निवाडा होता. मालात आपण खाली, सेवेत वर, आणि एकूण तराजू केसभर आपल्याकडे! आनंदाने त्यांनी गल्लीभर गूळ वाटला. गूळ वऱ्हाडातला निघाला, तेव्हा पुन्हा चेहरा पडला.

त्या केसभर आघाडीत माझ्या गळ्याचा वाटा मोठा होता. हळदीची गाणी म्हणायला मला पलीकडून बोलावणी येत. अशाच एका मांडवात मला पाहून तिकडून मागणी आली. मुलगा माझ्या मनात भरला होता. मावसाजींनी आठ दिवस होकार दिला नाही. ही गेली की हिचा गळाही त्यांचाच, एवढेच ते मावशीला म्हणाले. माझा जीव टांगणीला लागला. शेवटी मुलाचे वडील स्वतः आले. राज्ये नव्याने पाडून राह्यले, उद्या दोन्ही काठ एकाच राज्यात येतीन, अशी त्यांनी समजूत घातली. मावसाजींनी ती कानाआड केली.

"इवाई," ते होणाऱ्या व्याह्यांना म्हणाले, "जाणारा माल वेगळा, परतीचा वेगळा. पोरगी दिवाळीले वापस येईन का?"

"दरसाल येईन. मी सोता आणून सोडीन."

पलीकडे नांगरटीला जाऊन परतणाऱ्या बैलांना नाक्यावर परतीची चिठ्ठी मिळे; ते निर्यातीत धरत नसत. पाठवणीच्या वेळी मावसाजींनी तसलीच एक पिवळी पडलेली चिठ्ठी माझ्या नावाने भरून माझ्या मुठीत दाबली. रंग : सावळा. शिंगे : दिसत नाहीत, स्वभावावरून असावीत. मी रडता रडता हसले.

पुनर्रचना झाली, तरी पैनगंगा दोन राज्यांची सीमाच राहिली. दर दिवाळीला मावसाजी ओट्यावर चिठ्ठी तपासत आणि मगच मला उंबरा ओलांडू देत.

आता ओटा रिकामा असतो. तरी इचोड्याला मोटारीतून उतरले, की मी पिशवीतून चिठ्ठी काढते, आणि हाक येईपर्यंत थांबावे तशी ओट्यापाशी क्षणभर उभी राहते.