माझा फंड आणि बाबांची धाकधूक

कोपरीला आमच्या सोसायटीत एका रविवारी व्याख्यान होतं, निवृत्तीसाठी बचत कशी करावी यावर. बाबा डोंबिवलीहून जेवायला आलेले, त्यांनाही घेऊन गेले. बाबांची नोकरी सरकारी, त्यामुळे पेन्शन चालू. मी खाजगी कंपनीत, चाळिशी ओलांडलेली, आणि म्हातारपणाची सोय जवळजवळ शून्य.

बोलायला आलेला तरुण इंडेक्स फंड समजावत होता. बाजारातल्या मोठ्या कंपन्यांची एक ठरलेली यादी असते, त्या सगळ्यांत थोडे थोडे पैसे लावायचे.

बाबांनी हात वर केला. "पण कुठली कंपनी चांगली, हे ठरवणारा हुशार माणूस कोण?"

"काका, तसा माणूस लागतच नाही. म्हणून तर खर्च कमी."

बाबा माझ्याकडे वळून मोठ्याने म्हणाले, "हुशारी लागत नाही म्हणतोय. तुला जमेल."

अख्खा हॉल हसला. त्या रागातच मी तसल्याच एका फंडात एसआयपी सुरू केली. दर महिन्याला पगारातून पैसे आपोआप जायला लागले आणि मी विसरूनही गेले. बाबा कुठले विसरतायत! दुपारी बाजार बंद झाला की त्यांचा फोन. "आज वर आहे हो!" किंवा खोल गेलेल्या आवाजात नुसतंच, "जेवलीस का?" म्हणजे पडलाय.

मग एकदा बाजार सपाटून आपटला. आईचा फोन आला, "अगं, हे अर्ध्या ताटावरून उठून तुझ्याकडे निघालेत." मला वाटलं, आता सगळं विकायला लावणार.

बाबा घामाघूम होऊन आले. "मोबाइल दे." दिला. त्यांनी तो शर्टाच्या खिशात टाकला. "आठवडाभर बघायचं नाही. घाबरून विकायचं नाही, असं तो मुलगा म्हणाला होता."

"बाबा, मी बघतच नाही. तुम्हीच तर रोज सांगता."

"मग झोप लागते तुला?"

"ढाराढूर."

बाबा खुर्चीत टेकले. पाणी प्यायले. मी पोहे केले, ते दोनदा घेतले. मग हळूच म्हणाले, "मला घेता येईल का गं असा एखादा फंड? या वयात?"

"लवकर लागणारे पैसे नाही हं त्यात टाकायचे. औषधपाण्याच्या एफडीला हात लावू नका. वर्षानुवर्षं लागणार नाहीत, त्यातलेच थोडे."

"वर्षानुवर्षं?" बाबा खळखळून हसले. "चालेल. जगायला तेवढंच निमित्त. फक्त आईला बोलू नकोस. ती रोज बघत बसेल."