बिरूतात्यांविरुद्ध मी दिलेली तक्रार

बिरूतात्यांची नोकरी मी घालवली.

आज वरकुट्याला त्यांचं वर्षश्राद्ध झालं. तिथून आत्ताच बारामतीला परत आलेय आणि हातपायही न धुता हे टाईप करतेय. उद्यावर टाकलं तर परत लिहायची नाही, माझी मला खात्री आहे.

ज्यांना नाव माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. वॉटर पार्कच्या पार्किंगला खाकी टोपी घातलेले, गळ्यात शिट्टी अडकवलेले म्हातारे गृहस्थ उभे असायचे ना, ते बिरूतात्या. तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या गाड्या त्यांनी नीट लावून दिल्यात.

त्याआधी त्यांची मेंढरं होती. मी शाळेत असताना त्यांचा कळप दर वर्षी आमच्या शेळगावच्या रानात बसायचा, खतासाठी. आई त्यांना भाकरी पाठवायची आणि मी दिवसभर कोकरांच्या मागं.

पुढं मेंढरं विकली आणि तात्या गेटवर आले.

आमच्याकडं पार्कचा वर्षाचा पास होता. पासवर गाडीचा नंबर असतो, त्या एकाच गाडीला पार्किंग फ्री. लोक एकच पास चार गाड्यांना फिरवायला लागले म्हणून चेकिंग सुरू झालं.

आमची गाडी आली की तात्या एकदा खाली बघायचे आणि हात करायचे. "या ताई."

मला वाटायचं, ओळख आहे म्हणून सोडतात. ते नंबर बघून सोडत होते.

त्या रविवारी आमची गाडी गॅरेजला होती. दिरांची गाडी घेतली. मागच्या गाडीत नवऱ्याचे साहेब आणि त्यांची फॅमिली. "गेटवर आपला माणूस आहे," असं मीच त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगून ठेवलेलं.

"ताई, ह्यो नंबर पासवर न्हाय. पार्किंगची पावती घ्यावी लागंल."

"तात्या, मी आहे."

"व्हय की. पर गाडी दुसरी हाय."

नवरा म्हणाला, "देऊन टाक ना, कशाला घोळ घालतेस?"

पैशाचा प्रश्नच नव्हता. साहेबांच्या बायकोनं काच खाली केली होती आणि ती बघत होती.

माझा राग तुम्हाला माहीत आहे. मी म्हणाले, "आमच्या रानात मेंढरं बसवून पोट भरलंत, आणि आता मलाच अडवता?"

हे मी बोलले. शब्द न शब्द हेच.

तात्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि ते मागच्या गाड्या बाजूनं काढून द्यायला लागले.

मी तडक ऑफिसात गेले आणि लेखी तक्रार दिली. पार्किंगचा माणूस उद्धट बोलला, शिवीगाळ केली. शिवी त्यांनी दिली नव्हती. पण नुसतं 'पास तपासला' असं लिहून तक्रार कसली होणार?

मॅनेजरनं त्यांना बोलावून ती वाचून दाखवली. तात्यांनी टोपी काढली. "चुकलं ताई," एवढंच म्हणाले.

मी "ठीक आहे" म्हणाले. मग आम्ही आत जाऊन दिवसभर पाण्यात खेळलो.

पुढच्या वेळी गेटवर दुसराच माणूस.

"तात्या कुठं आहेत?"

"काढलं त्यांना. कस्टमर कंप्लेंट होती."

मी मॅनेजरला गाठलं. तो म्हणाला, "मॅडम, तक्रार मागं घेतली असं दोन ओळीत लिहून द्या. लगेच परत घेतो. माणूस चांगला आहे."

दोन ओळी. मी क्लासमध्ये पोरांना पानंच्या पानं निबंध लिहायला लावते.

पण त्या दोन ओळीत मी खोटं बोलले असंच लिहावं लागणार होतं ना. हात उचलेना. मग दहावीची बॅच सुरू झाली, मग दिवाळी आली, मग सासूबाईंचं ऑपरेशन. सबबींना काय तोटा आहे.

तात्या इकडं मार्केट यार्डात टोमॅटोचे क्रेट उचलायला लागले. साठी उलटलेली. एका सकाळी क्रेट खांद्यावर असतानाच खाली बसले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

दहाव्याला गेले. त्यांच्या मालकिणीनं, काकींनी, माझा हात धरून मला शेजारी बसवलं.

"कुणा बाईनं खोटी तक्रार केली ताई. कोण हुती, किती येळा ईचारलं. म्हणायचं, गर्दीतली कुणीतरी, मी काय वळखत न्हाय."

म्हणजे तात्यांनी घरातसुद्धा माझं नाव घेतलं नव्हतं.

"तिचं कधी भलं व्हायचं न्हाय," काकी म्हणाल्या.

मी मान डोलावली. खरंच डोलावली. लाज वाटते सांगायला.

वर्षभर हे पोटात घेऊन फिरले. आज पानं वाढायच्या आधी काकींना स्वयंपाकघरात गाठलं आणि सगळं सांगितलं. मेंढरांचं बोलले होते तेसुद्धा.

काकी चुलीकडं वळल्या. मग ताट वाढून माझ्यापुढं ठेवलं.

"त्यांच्या नावाचं हाय, जेवून जावा. पर ह्या दारात परत येऊ नका."

जेवले. ताटात काही टाकलं नाही.

तेव्हा कमेंटमध्ये मला धीर देऊ नका. 'स्वतःला दोष देऊ नकोस' असलं काही दिसलं तर डिलीट करीन. लिहायचंच असेल तर तात्यांसाठी दोन शब्द लिहा.

बिरूतात्या, वरकुटे. त्यांना माझी श्रद्धांजली.

त्यांनी कुणालाही शिवी दिली नव्हती. गाडीचा नंबर पासवर नाही, एवढंच सांगितलं होतं.