दुधावरची मांजरं

आक्काताईंच्या आडावर दोन बादल्या असायच्या. एक सगळ्यांच्या घरी असते तशी. दुसरीच्या बुडाला बाहेरून एक कडी आणि त्या कडीला वेगळी दोरी. पाणी शेंदून झालं की आक्काताई ते दुहेरी फडक्यातून गाळायच्या. मग फडकं उलटं करून गाळलेल्या पाण्यानं या दुसऱ्या बादलीत धुवायच्या आणि ती बादली सावकाश आडात सोडायच्या. बादली पाण्याला टेकली की कडीची दोरी ओढून हलकेच पालथी करायच्या. फडक्यात अडकलेले बारीक जीव ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात परत जायला हवेत, आणि वरून आपटून मरायला नकोत, म्हणून एवढी खटपट. त्यांनी हे घाईत उरकलेलं मी आठ वर्षांत एकदाही पाहिलं नाही.

मी रहिमतपूरचा. १९७१ साली शाळामास्तर म्हणून बदली होऊन सांगलीजवळच्या त्या कृष्णाकाठच्या गावी गेलो आणि आक्काताईंच्या घराच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहिलो. त्यांचे यजमान शांतिनाथ यांचं पेठेत धान्याचं दुकान होतं. मुलगा महावीर मळा बघायचा.

बहात्तरच्या दुष्काळात एक मांजरीचं पिल्लू त्यांच्या दारात येऊन पडलं. डोळे चिकटलेले, पोट पाठीला लागलेलं. आक्काताईंनी कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून ते जगवलं आणि त्याचं नाव ठेवलं सोनी. सोनीला दूध-भाकरीशिवाय काही माहीत नाही, असं त्या अभिमानानं सांगायच्या. चतुर्दशीला त्या उपास धरत, त्या दिवशी सोनीही वाटीला तोंड लावत नसे.

"जैनाच्या घरचं अन्न हाय गुर्जी," त्या म्हणायच्या. "पोटात जाईल तशी बुद्धी व्हणार."

शेजारच्या बयाबाई कुंपणावरून ओरडायच्या, "आक्काताई, तुमची मांजर उपास करती व्हय? मग तिचं प्वाट नगाऱ्यागत कसं दिसतंय?"

नगारा दरवर्षी दोनदा वाजायचा. पिल्लं नदीपलीकडे सोडून या म्हटलं की आक्काताईंच्या डोळ्यांत पाणी यायचं. दुकानासाठी घरात साठवलेल्या पोत्यांना उंदीर लागत नव्हते, म्हणून शांतिनाथही गप्प. पंचाहत्तर साल संपेपर्यंत त्या घरी अकरा मांजरं झाली होती.

शाळेची मागची खिडकी त्यांच्या मळ्यावर उघडायची. पहिल्या वर्षी मी पाहिलं तेव्हा हरभऱ्यात मधेमधे ज्वारीची ताटं मुद्दाम ठेवलेली होती. त्यांवर कोतवाल पक्षी बसायचे आणि खाली साळुंक्या सरीसरीनं चालत अळ्या वेचायच्या. दर वर्षी त्या कमी होत गेल्या. सगळा दोष मांजरांचा होता असं मी म्हणत नाही. बांधावरच्या दोन बाभळीही त्याच काळात तुटल्या. पण बांधावरून पोट जमिनीला लावून सरकणारी सोनी मी त्या खिडकीतून कितीदा पाहिली होती. खोपीमागे पडलेली पिसंही पाहिली होती. मी बोललो नाही. ज्या घरातून रोज माझ्यासाठी गाळलेल्या पाण्याचा तांब्या यायचा, त्या घरात हे कसं सांगायचं ते मला कळत नव्हतं.

शहात्तरच्या जानेवारीत हरभऱ्यावर घाटेअळी आली. दोन दिवसांत घाट्यांना भोकं दिसू लागली. महावीर सांगलीहून विषारी औषधाचा डबा घेऊन आला आणि कुणाचा तरी फवारणीचा पंप मागून आणला.

आक्काताईंनी डबा पाहिला आणि ताट बाजूला सारलं.

"माझ्या रानात इख पडायचं न्हाई."

"आई, चार एकर रान हाय. डोळ्यांदेखत खात्यात ती."

"खाऊंदेत."

"मग आमी काय खायाचं?"

"तू फवारा मार. मी त्या दिसापासनं अन्न सोडलं."

"आताच तर सोडलंस की!"

"व्हय. आतापासनंच."

हे सगळं हळू आवाजात झालं. त्या घरात कधी कुणी ओरडत नसे, म्हणून त्या तीन दिवसांचा ताण अधिकच जाणवायचा. शांतिनाथ सकाळीच दुकानात जाऊन बसायचे. महावीर पंप धुवायचा, पुसायचा, परत कोपऱ्यात ठेवायचा. आक्काताई दिवस मावळायच्या आत दोन घोट पाणी घ्यायच्या, आणि अकरा वाट्या दुधाच्या भरायच्या. भरताना दूध फरशीवर सांडायचं.

तिसऱ्या संध्याकाळी महावीर माझ्या खोलीत आला. उंबऱ्यावरच उभा राहिला.

"गुर्जी, उद्या सकाळी मी फवारणार. न्हाई फवारलं तर पीक जातंय, फवारलं तर आई जाती. तुमचं ऐकती ती. कायतरी बोला."

मी आत गेलो. आक्काताई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि सोनी त्यांच्या मांडीवर झोपली होती. तिच्या अंगावरून फिरणारा तो कोरडा, शिरा वर आलेला हात पाहून मी तयार केलेली सगळी वाक्यं विसरलो.

"आक्काताई," मी एवढंच म्हणालो, "उद्या उजाडताना माझ्याबरोबर मळ्यात चला. पाखरं आताशा का उतरत नाहीत ते बघू."

त्यांनी सोनीला मांडीवरून खाली ठेवलं. मला वाटतं, त्यांना तेव्हाच काहीतरी समजलं असावं.

सकाळी त्या माझ्या आधी दारात उभ्या होत्या. वाटेत दोनदा बसल्या. हरभऱ्यावर दव होतं; त्यांच्या लुगड्याचा काठ आंबेनं, हरभऱ्यावरच्या त्या आंबट दवानं, ओला झाला. आम्ही खोपीच्या आडोशाला बसलो. शेताच्या पलीकडच्या टोकाला महावीर पाठीवर पंप बांधून उभा होता. त्यानं औषध कालवलं होतं. वाऱ्याबरोबर त्याचा उग्र वास आमच्यापर्यंत येत होता.

ऊन आलं तशा साळुंक्या उतरल्या. मोजून पाच. एक आमच्यापासून दहा हातांवर आली. तिनं पानाखाली चोच घातली, एक हिरवी अळी ओढली, ढेकळावर आपटली आणि गिळली. मग दुसरी. आक्काताई श्वास रोखून बघत होत्या.

बांधावरचं गवत हललं.

सोनी होती. तिच्या मागं तिची दोन मोठी पिल्लं. ती इतकी सावकाश पुढं येत होती की पाय उचलतेय हे दिसतच नव्हतं. मी आक्काताईंकडे पाहिलं. त्यांनी टाळी वाजवली असती तर साळुंकी उडाली असती. हात वरही आले होते. पण वाजले नाहीत. चार वर्षं दूध पाजलेली आपली सोनी आता थांबेल, खाली बसेल, अंग चाटायला लागेल, याची त्या वाट बघत होत्या.

सोनी थांबली नाही. एक उडी, आणि एक छोटासा आवाज. उरलेल्या चार साळुंक्या कलकलाट करत नदीकडे गेल्या. सोनी तोंडात साळुंकी धरून सरळ आमच्याकडे आली आणि ती आक्काताईंच्या पायापाशी ठेवली. पंख अजून हलत होता.

आक्काताईंनी पदराचा तुकडा फाडून दिला आणि तो ओला करून आणायला मला मळ्यातल्या विहिरीकडे पाठवलं. मी परत आलो तेव्हा पंख थांबला होता.

त्या उठल्या आणि खोपीमागे गेल्या. तिथली पिसं त्यांनी पाहिली. काही जुनी, मातीला चिकटलेली. परत आल्या तेव्हा चेहरा अगदी शांत होता, आणि त्या शांतपणाची मला भीती वाटली.

"गुर्जी, तुमाला ठाऊक व्हतं."

"हो."

"किती दिस?"

"तीन वर्षं."

मला त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या बांधानं चालत महावीरकडे गेल्या, त्याच्यापुढं उभ्या राहिल्या.

"हे इख तुज्या हातनं पडायच्या आधी माज्या हातनं पडलंय. मला पंधरा दिस दे, पाखरं परत उतरत्यात का बघू."

"पंधरा दिसांत काय ऱ्हाईल आई?"

"जे ऱ्हाईल ते. मग तू म्हणशील तसं."

महावीरनं पंप उतरवला. नदीत नाही, रानात नाही. औषध कुठं ओतायचं हेही त्याला कळेना. शेवटी ते त्यानं पडीक जागी खड्डा खणून पुरलं.

त्याच सकाळी आक्काताई बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, गेल्या. देवापुढं त्यांनी नियम घेतला. मांजरं जगतील तोवर घरात कोंडून ठेवायची. आणि ज्यांना आपण कोंडलं त्यांच्यासाठी आपणही कोंडून घ्यायचं: घर, आड आणि बस्ती, यापलीकडे पाऊल टाकायचं नाही. मळ्यातही नाही. मळा हा त्यांचा जीव होता हे गावाला माहीत होतं. मग घरी येऊन त्यांनी ताकात भिजवलेली भाकरी खाल्ली.

मागच्या कोठीला जाळी मारून घेतली. बोके वेगळ्या खोलीत ठेवले, म्हणजे नवी पिल्लं थांबली. पहिला आठवडा भयंकर गेला. सोनी दारावर नखं ओढायची, ओरडायची, दुधाला शिवायची नाही. आक्काताई दाराच्या अलीकडे पाठ टेकून बसायच्या. दोनदा कडीवर हात गेलेला मी पाहिला. दोन्हीदा त्यांनी तो मागे घेतला.

बयाबाई म्हणाल्या, "आवं, निस्त्या दुधावर वाघाची मावशी जगंल व्हय?"

घरातले उंदीर मात्र त्या कोठीत शिरतच असणार. त्यांचं काय होतं हे मी विचारलं नाही, आणि आक्काताईंनीही सांगितलं नाही.

पंधरा दिवसांत काही चमत्कार झाला नाही. त्या वर्षी निम्म्याहून जास्त हरभरा गेला. पण महावीर पंप ज्याचा त्याला देऊन आला आणि बांधावर त्यानं बाभळीच्या बिया टोकल्या. पुढच्या साली साळुंक्या सतरा झाल्या. मी शाळेतून आलो की आक्काताई आधी विचारायच्या, "आज किती?" मी आकडा सांगायचो. एकदा त्यांना बरं वाटावं म्हणून वाढवून सांगितला, तर त्या म्हणाल्या, "गुर्जी, आता तरी खरं सांगत जा." त्यानंतर मी नेमका आकडा सांगू लागलो.

कोंडलेली मांजरं खंगत एकेक करून गेली. एकोणऐंशीच्या जानेवारीत शेवटी सोनी गेली. तिला आडाजवळ पुरून दुसऱ्या सकाळी आक्काताई मळ्याकडे निघाल्या. तीन वर्षांनी. मी बरोबर होतो.

रानात साळुंक्या उतरल्या होत्या. महावीर आतून हाक मारत होता, "आई, ये की! घाटा बघ कसा भरलाय!"

आक्काताई बांधावरच थांबल्या. लुगड्याचा पदर नाकाशी नेऊन त्यांनी वास घेतला.

"माज्या अंगाला अजून तिचा वास हाय, पाखरं बुजतील," त्या म्हणाल्या आणि तिथंच गवतात बसल्या. "हितनं दिसतंय मला समदं."