शेवटून दुसरा

नंदुरबारच्या धावण्याच्या स्पर्धेत मी नाव दिलं ते डॉक्टरांच्या धाकाने. नवे बूट आणि ठोके मोजणारं घड्याळ घेतलं होतं. फक्त सराव राहून गेला होता. पहिल्याच चौकात सगळे पुढे निघून गेले, माझे निवृत्तीला आलेले साहेबसुद्धा. गावाबाहेर मिरच्या वाळत घातल्या होत्या. माझा खोकला त्यांच्यामुळेच, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं.

सोबत उरल्या एक अनोळखी बाई. पन्नाशीच्या, पदर कमरेला खोचलेला, साडीवर स्पर्धेचा टी-शर्ट. मध्येच थांबून त्या दुकानांच्या पाट्या वाचायच्या, गच्चीवरच्या बायकांना हात करायच्या. तरीही मला त्यांच्या पुढे जाता येत नव्हतं.

स्पर्धेची शेवटची कमान दिसू लागली. आता शेवटचा नंबर कोणाचा, एवढंच ठरायचं होतं. मी धापा टाकत म्हणालो, "चला ताई, थोडंच राहिलं."

त्या थबकल्या. "तुम्ही व्हा पुढे, भाऊ. माले काय घाई नही. घर गऊ का मंग सैपाकच करना शे."

त्यांच्या घरच्या स्वयंपाकाशी मला काय करायचं होतं? मी ती संधी सोडली नाही. होता नव्हता तेवढा जोर लावून धावलो आणि शेवटून दुसरा आलो. पदक गळ्यात पडल्यावर ऐटीत मागे वळून पाहिलं. बाई कमानीच्या अलीकडे रिकाम्या रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून, सकाळचं ऊन अंगावर घेत.

टाळ्या वाजवायला मी हात उचलले आणि तसेच खाली घेतले. टाळ्या ऐकून त्या लगबगीने आल्या असत्या.