चुन्याखालची ओळ

"वडील गेले," असा अण्णांच्या मुलाचा, सुरेशदादांचा, फोन आला तेव्हा वाटलं, अण्णांनी ही बातमीसुद्धा सरळ मान्य केली नसती. म्हणाले असते, "कुणी सांगितलान? त्याने डोळ्यांनी बघितलान काय?"

गेल्या उन्हाळ्यात मी इतिहासाच्या एम.ए.साठी इंटर्नशिप करत होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या विस्मरणात गेलेल्या सैनिकांच्या समाध्या आणि स्मारकं शोधायची, फोटो काढून नोंदी करायच्या. गुहागरजवळच्या एका गावात शाळेच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी सापडली. गावातून किती जण लढाईला गेले ते सांगणाऱ्या वरच्या ओळी स्वच्छ होत्या, शेवटच्या ओळीवर मात्र चुन्याचे थरावर थर. मी नाण्याने खरवडायला लागले, तोच मागून आवाज आला.

"काय गो बाय, मोजणीला आलीस काय?"

हे अण्णा. वय ऐंशीच्या आसपास, लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत पाळ्या करून निवृत्त झालेले. माझं ओळखपत्र त्यांनी उलटसुलट करून पाहिलं, कॉलेजला फोनसुद्धा लावला. मलाही त्यांचा संशय येत होता. शाळेच्या शिपायाने सांगितलं, की दर गणपतीला तो चुना हेच लावतात. दुसऱ्या दिवशी मी थेट विचारलं. म्हणाले, "खोटं गावाने कशाला वाचायचं?"

ती ओळ होती, 'पैकी एक कामी आला.' तो एक म्हणजे अण्णांचे आजोबा. पण लढाईवरून परतलेल्या एकाने गावात सांगितलं होतं, की त्यांना इराकातल्या बसऱ्याच्या बाजारात पाहिलं, तिथेच दुसरा संसार थाटलाय. झालं! अण्णांची आजी शेवटपर्यंत कुंकू लावत राहिली. लोक त्याला निष्ठा म्हणायचे. ती मात्र म्हणायची, "मेला असता तर एकदा तरी स्वप्नात आला असता." अण्णांच्या वडिलांनी बापावरचा हा राग सांभाळला, तो अण्णांकडे आला. घरात त्या माणसाचं श्राद्ध कधीच झालं नाही.

मी जुन्या सैनिकी नोंदी धुंडाळल्या. श्रावणात कागद मिळाला. बसऱ्याचं लष्करी इस्पितळ, तापाने मृत्यू. घाईघाईने गुहागरची एस.टी. पकडली. अण्णांनी भिंग लावून कागद तीनदा वाचला.

"या नावाची माणसं पायलीला पन्नास."

"बापाचं नाव आहे अण्णा, गावाचंही आहे."

"लिहिणारा साहेब. त्याला आमच्यातला कोण मेला, काय कळणार?" कागद घडी करून त्यांनी खिशात घातला आणि मला म्हणाले, "जा तू. गाडी चुकेल." चहासुद्धा विचारला नाही. परतताना मी फार दुखावले होते. वाटलं, या माणसाला खरं नकोच आहे, त्याला फक्त संशय हवाय.

तेराव्यानंतर भेटायला गेले, तेव्हा सुरेशदादांनी जे सांगितलं ते मला ठाऊकच नव्हतं. मी कागद दिला त्यानंतरच्या सर्वपित्रीला अण्णांनी पितरांसाठी कावळ्यांना ठेवायची वाडी वाढायला घेतली ती नेहमीपेक्षा एक पान जास्त. कुणाचं ते बोलले नाहीत. बाकीच्या पानांना कावळा शिवला, त्या एकाला शिवेना. ऊन वर आलं. दादा म्हणाले, "अण्णा, आत चला आता, जेवून घ्या."

अण्णा अंगणात हात जोडून उभे होते, उपाशी.

"थांब रे," ते म्हणाले. "बसऱ्याहून यायचंय त्याला."